तेरा पॉइंट दोन

ह्यांच्या एलआयसीच्या ब्रीफकेसमध्ये
आता चार निळे सेल बसलेत,
कुर्ल्याच्या भंगारातल्या एका मेलेल्या स्कूटरचे.
एकेकाला मीटर लावून घेतला,
भेंडीचं टोक मोडून बघावं तसा.

पहिल्या दिवशी फ्यूज राहून गेला.
ठिणगी उडाली, कुलपाची पितळी पट्टी काळी पडली.
पेपरातून मान वर न करता हे म्हणाले,
"पॉलिसी लॅप्स झाली वाटतं."

लॅमिंग्टन रोडला फेराइटची कडी मागितली
तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो,
"आंटी, मुलगा कितव्या वर्षाला?"
म्हटलं, तिसऱ्या.
निवृत्तीनंतरच्या.

कडीवर एकवीस वेढे.
सतराव्याला इस्त्रीवाला आला.
पुन्हा पहिल्यापासून.

घाटकोपर एक्स्चेंजला एकतीस वर्षं
मी माणसाला माणूस जोडून दिला.
नंबर सांगा. थांबा. बोला.
आणि कान काढून घ्यायचा,
बोलायचे ते दुसरेच.
फोनचं असं असतं,
ज्याला लावाल तोच उचलतो
नाहीतर तोच उचलत नाही.
मला एकदा
कुणालाही हाक मारून बघायची होती.

आमचे सेक्रेटरी पोंक्षे म्हणाले,
गच्चीवर तार नको, लिफ्टला त्रास होईल.
लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.

म्हणून शिवडीची जेट्टी.
फायबरची गळ बांधली कठड्याला,
टोकाला वीस मीटर तार, पार त्या खांबापर्यंत तिरकी.
फ्लेमिंगो बघायला आलेल्या जोडप्याला वाटलं
मी मासे धरतेय.
"काही लागलं का काकू?"
अजून नाही.

ब्रीफकेस मांडीवर. पंखा नाही, प्लग नाही,
कुणाच्या मीटरवर युनिट पडत नाही.
सीक्यू, सीक्यू,
पुढे सरकारनं दिलेली माझी अक्षरं,
घसा साफ करून, सावकाश.
चौदा मिनिटं नुसता खरखराट,
शेजारच्या घरात कुणी पापड भाजत असल्यासारखा.
मनात जपान होतं, खोटं कशाला बोलू.
निदान कोलंबो.

मग त्या खरखरीला नाक-डोळे आले.
माझीच अक्षरं, कुणा परक्याच्या तोंडी.
नाव हितेश घरत. ठिकाण करंजा, उरण.

म्हणजे समोर.
धुरकट नसतं तर ते डोंगर
इथूनच दिसले असते.

"सॉरी हां ताई," तो म्हणाला,
"मी अगदीच जवळचा निघालो."
त्याचाही पहिलाच दिवस. बॅटरी बापाच्या होडीची,
संध्याकाळच्या आत परत ठेवायची होती.

मी बटण दाबलं
आणि सवयीनं तोंडून गेलं, "बोला."
तो गप्प. मी गप्प.
मग लक्षात आलं,
आता कान काढून घ्यायचा नाहीये.

काट्याकडे बघितलं.
तेरा पॉइंट दोन.
भरपूर आहे.
"जेवलास का रे?" मी विचारलं.