फणसाची चौकट

नातेलाने चित्र आणलं ते स्कूटरवर, उभं बांधून.
वाऱ्याने शिडासारखं ओढत होतं म्हणे,
खोर्लीच्या चढावर दोनदा थांबली.
मी टेप लावली : साडेतीन फूट बाय पाच.
मग मान वर केली.

एक बाई.
गुडघ्यापर्यंत खोचलेलं कापड, डोक्यावर पाटी,
आणि अंग सगळं तांबडं,
भिजल्या कोकमाच्या सालीसारखं, आतून तांबडं.
मागे आगरातलं पाणी.
आभाळाला जागाच ठेवलेली नाही.

"कुठं भेटली ही?"
"कामुर्लीच्या फेरीबोटीत. चार मिनिटं.
ती घरी जात होती, मी नुसतीच जात होते."

सहा महिन्यांसाठी आली होती तिबिलिसीहून,
नऊ वर्षं झाली.
मराठी माझ्याकडून शिकली, कोंकणी पाववाल्याकडून,
हिशेब दोन्हींत चुकतो.

म्हटलं, हिला मी ओळखतो.
आगरवाड्याची द्वारकी, मीठ ओढते.
मान तिचीच. खांद्याची तिरपी उतरण तिचीच.
पण हात?
मिठातल्या हातांना भेगा असतात,
भेगांच्या कडा पांढऱ्या.
हे तर गुबगुबीत, पीठ मळणारे.

नातेला खिळ्यांच्या डब्यात बघत राहिली.
"गोकर्णला गेले तेव्हा आठवत होते.
परतीच्या बसमध्ये कुठंतरी गेले.
मग जे पाठ होते तेच काढले. आईचे."

फणसाचं लाकूड लावलं, पिवळं.
काच नको म्हणाली.
पावसात बुरशी धरेल, सांगून बघितलं.

शुक्रवारच्या बाजाराला आलेल्या द्वारकीला
दुकानात ओढून आणलं.
डोक्यावरचं ओझं न उतरवताच बघत राहिली.
"हांव इतली तांबडी?"
मग पुढे झाली, आपला पंजा
चित्रातल्या पंजाशेजारी धरला, न टेकवता.
"हे म्हजे न्हय."
बदलायला सांगू का तिला?
"नाका. रावूं दी.
पाटी जड आसता रे,
कोणेंय हात लायल्यार बरेंच."

जाताना मापटंभर मीठ ठेवून गेली,
चित्रवालीला दे म्हणून.
ते अजून इथंच आहे.
नातेला व्हिसाच्या कागदासाठी बाहेर गेलीय,
कधी येते, बघायचं.
दमट हवेने मीठ पाझरायला लागलंय.
खालची फळी
काळी पडत चाललीय.