एर्नाल्दोच्या नावातला ह

बत्तीस वर्षं मी सान्तियागोत बस हाकली.
आता दर मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला,
चर्चमागच्या खोलीत स्पॅनिश शिकवतो.
व्याकरणाचं मला विचारू नका.
मला थांबे माहीत आहेत.

पहिल्या दिवशी फळ्यावर माझं नाव लिहिलं
आणि पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलं:
हा ह. लिहायचा. म्हणायचा नाही.
फुकट्या प्रवासी आहे,
तिकीट नाही, आवाज नाही,
पण खाली उतरवता येत नाही.
हसले सगळे. हैतीहून आलेले अकरा जण,
कुणाच्या पापण्यांवर सिमेंट,
कुणाच्या बोटांना दिवसभराच्या कांद्याचा वास.

मग ओला. मग ओय, म्हणजे आज.
मग आंब्रे, म्हणजे भूक.
प्रत्येकाच्या आधी तो ह, तोंड मिटून बसलेला.
कुणी चुकून उच्चारलाच
तर मी टेबलावर किल्ली आपटायचो, टक्.
शेवटच्या बसची किल्ली.
परत द्यायची राहून गेली.

गेरलांद खिडकीपाशी बसायची, कोट न काढता.
तिनं लागेल तेवढंच आधी उचललं:
केवढ्याला? फार होतात.
पुढच्या कोपऱ्यावर सोडाल का?
पगार कधी?
साठ आणि सत्तर मात्र तिला एकच ऐकू यायचे,
सेसेंता, सेतेंता,
आणि ज्यांनी तिला पैसे द्यायचे
त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

एकदा ती रुमालात कपाचा कान घेऊन आली.
नुसता कान. निळ्या काठाचा.
ज्या घरी साफसफाई करते तिथला,
सेन्योरा ओर्तेन्सियाच्या आईच्या वेळचा.
विचारलं तेव्हा ही म्हणाली, यो.
पुन्हा विचारलं. यो, यो.
मी. मी. मी.
दुसरं काय म्हणणार? माझे सगळे धडे
मी-पासूनच सुरू होतात:
मी येते, मी पुसते, मी राहते.

मी म्हटलं, असं नाही गं म्हणायचं.
म्हण: से मे कायो.
हातून पडला.
बघ, या वाक्यात कप आपला आपण पडतो,
तू नुसती जवळ उभी असतेस.

तिनं ते वहीत उतरवलं. खाली रेघ ओढली.
मग म्हणाली, पुष्कळ वेळानं,
शब्दाला शब्द जोडत:
आणि पैसे कापले, ते कुणाच्या हातून?

हा थांबा माझ्या रूटवर नव्हता.

जुलैत थंडी वाढली. अकराचे सात झाले.
घासलेटची शेगडी मधे ठेवून आम्ही
कुटुंबाचा धडा घेतला.
आई, वडील, भाऊ सोपे गेले.
मग इहो, म्हणजे मुलगा. ह लिहायचा, बरं का.
एकेकानं उठून वाक्य करायचं.

मला नंतर कळलं ते असं,
की कामावर ठेवताना सेन्योरानं विचारलं होतं, मुलंबाळं?
आणि ही म्हणाली होती, नाही.
हो म्हटलं की दार लागतं,
हे तिला भाषेच्याही आधी आलं होतं.

तिची पाळी आली. उभी राहिली.
तेंगो, म्हणाली. मला आहे.
थांबली.
शेगडी फुरफुरत होती.
मग छातीतून सगळी हवा काढून म्हणाली:
हिहो.
एक हिहो. सात वर्षांचा. जेरेमीत, मावशीकडे.
पुढचे दोन दात पडलेत.

किल्ली माझ्या हातात होती.

पुढचा, म्हटलं मी थोड्या वेळानं.
फ्रिट्झनेर उठला. त्याला मुलगी.
त्यानंही ह लावूनच म्हटलं, मोठ्यानं,
आणि त्याच्यामागून बाकीच्यांनीही.

चूक आहे ती.
पुढच्या मंगळवारी सांगेन.