नऊ वेढे

वेइक्को निस्कानेन सांगतो, उकळी संपायला
पंधरा मिनिटं उरली की वेटोळं आत सोड.
त्याआधी नको, त्यानंतर तर नकोच.
उकळत्या वर्टमध्ये तांबं आपलं आपण सोवळं होतं,
आपण फक्त मधे बोट घालायचं नाही.

मी सोडते. क्षणभर उकळी गप्प,
वर्गात अनोळखी कुणी शिरल्यासारखी.
मग पुन्हा बोलायला लागते.

गॅरेजचं दार अर्धं वर. बाहेर कॅल्युमेटचं बर्फ
खिडकीच्या काचेला टेकलेलं.
या गावाच्या पोटातून शंभरेक वर्षं तांबं निघालं.
वेइक्कोचा बाप अंधारात खाली उतरायचा,
अंधारातच वर यायचा.
हिवाळ्यात त्याला सूर्य भेटायचा तो रविवारी,
तोही चर्चच्या वाटेवर.

आणि हे पन्नास फूट तांबं
मी हँकॉकच्या दुकानातून आणलं, रोख मोजून.
खोक्यावर भलत्याच देशाचं नाव.
वेइक्कोने चष्मा बदलून ते दोनदा वाचलं.
"बरं आहे," म्हणाला.

रंगाच्या रिकाम्या डब्याभोवती आम्ही ते वळवलं.
घाई केली की नळी चिमटते,
आणि चिमटली की कायमची.
दहा वेढे झाले.

आता नळ.
दुसऱ्या टोकातून पहिलं जे पाणी येतं
ते कातडी सोलेल असं. ते बादलीत धरायचं,
त्यात भांडी, फरशी, वेइक्कोचे लोकरी मोजे.
मी चमचा फिरवत राहते, वेढ्यांच्या आतून, बाहेरून,
थंडी सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून.
काटा उतरतो. दोनशे. एकशे चाळीस.
नव्वदपाशी उगाच रेंगाळतो. पासष्ट.

जानेवारीत नळातून तळ्याचाच गारठा येतो,
अकरा मिनिटं पुरायची.
ऑगस्टमध्ये चाळीस, वर शिव्या.

वेटोळं वर काढलं की दर वेळी मी बघत राहते.
आत जाताना काळपट, कळकलेलं,
बाहेर येताना नव्या पेनीसारखं लखलखीत.
मळ गेला कुठे?
"बिअरमध्ये," वेइक्को म्हणतो. "आपण पिणार आहोत तो."
म्हणून आता आधीच व्हिनेगर. हिरवं काही दिसलं तर
दोनदा व्हिनेगर. आणि नंतर लगेच,
साखर वाळायच्या आत, धार मारायची,
दोन वेढ्यांच्या फटीत अडकलेली हॉप्सची पानं
जुन्या टूथब्रशने काढायची.
तारेची घासणी नाही. तांबं मऊ असतं,
लक्षात ठेवतं.

हे सगळं मी करते. मागच्या डिसेंबरातही केलं,
एक सोडून.
आतलं पाणी काढायचं राहिलं.
खुंटीला टांगलं, दिवा मालवला, झोपले.
रात्री उणे वीस.
सकाळी खालचा वेढा उकलला होता,
बोटभर लांब, ओठासारखा.

वेइक्को काही बोलला नाही.
करवतीने तो वेढा कापला, टोकं घासली,
डाग दिला. धुराकडे डोळे बारीक करून पाहिलं.
नऊ वेढे.
अकराची साडेबारा मिनिटं झाली.
त्या दीड मिनिटात मी दर वेळी
चमचा जरा जास्त जोरात फिरवते.

तेव्हापासून शेवटचं काम फुंकायचं.
आधी तोच फुंकायचा. शरदात न्यूमोनिया झाला,
आता त्याचा श्वास तिसऱ्या वेढ्यापर्यंत जातो
आणि परत येतो.
एक टोक माझ्या तोंडात,
दुसऱ्याखाली तो तळहात धरून बसतो.

"अजून," म्हणतो. गुळगुळ. "अजून आहे."
तांब्याची चव, थोडं व्हिनेगर,
कानात दडे बसतात.
शेवटचा थेंब. मग नुसती माझी वाफ
त्याच्या हातावर.
"झालं."

हात पँटला पुसत उठतो, दाराशी थांबतो.
"यीस्ट टाकलंस?"

नाही.