चाई

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"घरात कुणाला थायरॉईड? दमा? कोड?"
"नाही, कुणालाच," आई पटकन म्हणाली.
तिच्या पर्समध्ये
उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्यांची बाटली
खुळखुळली.

टाळूवर आधी रुपयाएवढी,
आता तळहात मावेल एवढी.
कांदा चोळून झालेला.
"शरीराचेच राखणदार," बाई म्हणाल्या,
"मालकाला चोर समजतात."
हळदीच्या वखारीत हिशोब लिहिणारे बाबा
उगाच हसले.

परतताना मी एसटीतून मधेच उतरले,
कवठेएकंदला, इंदूआत्याकडे.
माझ्या साखरपुड्याला तिला
मागच्या खोलीत बसवलं होतं.

स्कार्फ सोडला.
ती पांढऱ्या बोटांनी चाचपत राहिली,
बारशाला आलेल्या बाईनं
बाळाचं नाक बघावं तशी.

"आमच्या वळणावर गेलीस गं,"
म्हणाली,
आणि चहा टाकायला उठली.