शेरा

साखर पेठेतला हा तुकडा मोजायला
मी तिसऱ्यांदा आलो.
पहिल्यांदा कारखाना उभा होता, बारा मागांचा,
खटाक्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना,
मालकाने चहा पाजला, फीत धरायला पोरगं दिलं.
दुसऱ्यांदा पत्रे विकून झाले होते, माग भंगारात,
भावाभावांची तारखेवर तारीख
आणि मधल्या खड्ड्यात
अख्ख्या बोळाचा कचरा.

आज फीत सरळ जाईना.
आग्नेयेचा दगड ते वायव्येचा दगड,
त्या कर्णावर कुणी सीताफळ लावलंय.
बरोबर रेषेवर. मुद्दाम लावावं तसं.

"काय मोजायलाव साहेब?"
राजव्वा गुर्रम. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
बोटं वळतच होती, मान तेवढी वर.
जागा, म्हणालो.
"जागा तितंच हाय की. झाडं मोजा."

डाळिंबाला चादरीची कुंची होती,
फेल गेलेला माल, मोर उलटा विणला गेला म्हणून.
उन्हाळाभर तो मोर
डोकं खाली करून रोपट्याला सावली देत होता.
बुंध्याशी मागाखालची चिंधी, तुटकं सूत,
ओल धरून ठेवतं म्हणे.
मातीला अजून रंग लागतो,
खणलं की कधी निळी, कधी किरमिजी.
पेरू त्या निळ्या कोपऱ्यात दोनदा मेला.
मग तिथं बोर लावली.
बोरीला काही सांगावं लागत नाही.

आणि पाणी?
नळ पाचव्या दिवशी, तो माणसांनाच पुरेना.
भिंतीपलीकडे दौलसाब नदाफांचा जारचा प्लँट,
गोडं पाणी जारमध्ये, उरलेलं मचूळ गटारीत जायचं.
आता त्याचा पाइप भिंतीवरून इकडे उतरतो.
"आमी प्यालो तर पोट बिघडतंय," राजव्वा म्हणाली,
"सीताफळ पितंय अन् गोड हुतंय.
कुनाला काय मानवंल, सांगता येत नाय."

झाडं किती, विचारलं.
तिनं विडीच्या हिशेबात सांगितलं,
"कट्ट्याला दोन कमी."
पंचवीसचा कट्टा. मी मनात वजाबाकी केली
आणि ओशाळलो, कारण ती
माझ्या ओठांकडे बघत होती.

धाकटा भाऊ पुण्याहून आला होता, गाडीतून उतरला नाही.
दोन बोटं काच खाली करून म्हणाला,
मोकळी आहे ना?
एका पोरानं त्या फटीशी फळ धरलं,
डोळे उघडलेलं, उद्या-परवा पिकेल असं.
फटीतून जाईना. मग काच आणखी खाली आली.
त्यानं ते डॅशबोर्डवर ठेवलं, एसीच्या तोंडाशी,
आणि निघाला तेव्हा ते तिथंच होतं.
पुढे काय झालं, मला माहीत नाही.

सातबाऱ्यावर झाडं नोंदवता येतात.
आमच्या प्रॉपर्टी कार्डावर तसला रकाना मला सापडला नाही.
क्षेत्र, धारक, बोजा,
बोजाला जागा आहे. शेवटी
अर्ध्या बोटाचा एक चौकोन: शेरा.

तिथं मी लिहिलं, मोकळी.
खोडलं. आमच्यात नुसतं खोडता येत नाही,
खोडल्याची सही करावी लागते.
सही केली. वर बारीक अक्षरात लिहिलं:
कर्णावर सीताफळ, फळ धरलेले,
फीत वळसा घालून नेली,
सबब मापात फरक संभवतो.
साहेब विचारतील, किती.
विचारू देत.

रात्री शर्ट खुंटीला लावताना
बायकोनं वास घेतला. विडी कधीपासून?
राजव्वाच्या हातचं एक खाल्लं होतं मी, उभ्या उभ्या.
बिया खिशातच राहिल्या होत्या.