कुत्रं खोडू नका

चिलोएच्या बेटांतलं हे शेवटून दुसरं बेट.
शाळा एका खोलीची. अकरा मुलं, एक शेगडी,
ओल्या लोकरीचा वास.
बटाट्याच्या पोत्यांबरोबर बोटीतून पत्रक आलं:
तिसरीच्या मुलाला गोष्टीचा सारांश
पाच ओळींत लिहिता आला पाहिजे.

वीस वर्षं मी एकच गोष्ट वापरते,
सोयीची म्हणून. कंटाळा म्हणा हवं तर.
धुक्यात होडी घेऊन गेलेला म्हातारा वाट चुकतो,
एक मुलगी मध्यरात्री उठून
चर्चची घंटा वाजवत राहते,
आणि पहाटे म्हातारा
त्या आवाजाचं बोट धरून किनाऱ्याला लागतो.

समजावू कसं?
मग आठवलं, मार्चमध्ये बारिएंतोसांचं घर हलवलं होतं.
अख्खं लाकडी घर,
बैलांनी ओढत पाण्यापर्यंत,
मग भरतीवर तरंगत पलीकडच्या काठाला.
सगळं गाव दोरीला होतं, ही पोरंही.
म्हटलं, सारांश म्हणजे तेच.
आधी काय काढलं घरातून?
"चूल!"
"काचा!"
"आजोबांचा पलंग!"
"आजोबा!"
बरोबर. जड ते काढायचं, फुटेल ते काढायचं.
आणि खांब?
"खांब नाही, बाई. खांब काढले तर घर कुठलं,
सरपण."

यास्नाने सात पानं लिहिली.
मूळ गोष्ट चार पानांची.
म्हाताऱ्याच्या सदऱ्याला तिने बटणं लावली होती,
निळी, त्यातलं एक तुटलेलं.
एलेओदोरोने लिहिलं:
हरवला. सापडला.
आणि उरलेल्या ओळींवर डोकं टेकून झोपला.

इस्मेनियाच्या पाच ओळी,
त्यातल्या तीन कुत्र्याच्या.
मी लाल पेन काढलं.
मुख्य तेवढंच लिहायचं, बाळ,
कुत्रं म्हणजे खिडकी.
खोडलं. तीनदा.

ती रडली नाही.
पुस्तक घेऊन आली, बोटाला शाई,
बोट दुसऱ्या पानाच्या तळाशी.
"बाई, मुलगी तर झोपली होती.
उठवलं कुणी?"

वाचलं मी.
अर्धी ओळ या पानावर, अर्धी उलटल्यावर:
म्हाताऱ्याचं कुत्रं तिचं दार
ओरबाडत होतं.
वीस वर्षं मी ते पान उलटत आले,
नेमकं त्याच्या अंगावरून.

"मग सांगा, खिडकी का खांब?"

शेगडीत लाकूड तडकलं, तेवढाच आवाज.
खोडलेल्याच्या वर
मी माझ्या हाताने पुन्हा लिहिलं: कुत्रं.
तीनदा.
तिने शेजारी उभं राहून अनुस्वार तपासावेत तसं
एकेक अक्षर तपासलं.

आता डिसेंबर. वर्ष संपलं.
प्रगतिपुस्तकात एकेका मुलापुढे
तीन ओळींची जागा,
तीही रेघा आखून.
एलेओदोरोपुढे लिहिलं,
थोडक्यात लिहितो. वर्गात लक्ष नसतं.
आणि पेन थांबलं.
चारला उठून तो बापाबरोबर
शिंपल्यांच्या दोऱ्या ओढतो,
हे काढू का?
जूनच्या त्या गारठ्यात शेगडीला सरपण
कधी कमी पडू दिलं नाही पोरानं, कुणी न सांगता,
हे जड होईल का कचेरीला?
यास्नाची बटणं कुठल्या रकान्यात बसवू,
ते तुटलेलं तरी?

बोट पाचला निघते.
खाली धक्क्यावर भोंगा एकदा वाजून गेला.
इस्मेनियाच्या ओळी कोऱ्याच आहेत अजून,
पेन टेकवते आणि उचलते.
एलेओदोरोपुढचं दुसरं वाक्य मात्र
मी खोडलं,
लाल पेनानेच.