पेवांच्या माळावर

चिंचांच्या रस्त्यानं आलात ना? बरं केलंत.
तिकडून आलं की हरिपूर हळूहळू येतं,
एकदम अंगावर येत नाही.

संगमही बघून झाला असेल.
कृष्णा कुठली, वारणा कुठली,
नावाड्यानं बोट केलं असेल, तुम्ही मान डोलावली असेल.
सगळेच डोलावतात.
मला इतकी वर्षं झाली चहा विकून,
मलाही ती रेघ दिसलेली नाही.

आणि इथं काय, म्हणता?
जरा पाय उचला.
तुम्ही उभ्या आहात त्याच्या खाली एक खोली आहे.
माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड,
तोंडावर फरशी, फरशीवर माती,
मातीवर आमच्या शेळीच्या लेंड्या.
आत मात्र पंगत बसेल.

दस्तगीर हमाल टाच आपटून सांगायचा,
हे भरलंय. हे अर्धं. ह्यात घूस शिरलीय.
फरशी सरकवली तरी लगेच उतरायचा नाही.
आधी दोरानं कंदील सोडायचा.
विझला, की वर ओढायचा,
तंबाखू मळत बसायचा,
खालच्या काळोखाला श्वास घेऊ द्यायचा.
मग परत कंदील.

संध्याकाळी वर यायचा तो पापण्यांसकट पिवळा.
त्याची बायको जैतून म्हणायची,
ह्यांना रोज हळद लागते
आणि लग्न एकदाच झालंय, तेही माझ्याशी.
गावात हे आता कुणी हसत नाही.
तुम्ही हसलात, बरं वाटलं.

पुराचं विचारू नका. म्हणजे विचारा,
पण सांगण्यासारखं थोडंच आहे.
पाणी माळावर चढलं, पेवांना कडी नव्हती लावायला.
ओसरल्यावर आठ दिवस
गावभर आंबलेल्या हळदीचा वास.
जेवण जाईना.
मग व्यापारी गेले यार्डाकडे, थंड गोदामांत.
तिथं कंदील लागत नाही.

अहो, धरा पोरीला, फार वाकलीय.
काय ओरडली ती? स्वतःचंच नाव?
ऐकलंत, पेवानं ओ दिली.
जाड आवाजात, जरा उशिरानं,
झोपेतून उठून दिल्यासारखी.

टाळ्या कशाला वाजवतेस गं बाळ.
भरलेलं पेव ओ देत नाही.

असू दे. वाजव.
चहात आलं घालू का?
आणि कंदील अजून आहे,
तो काय, मागच्या खिळ्याला.
काच तेवढी नवी बसवलीय.